राहायचं की ये-जा करायची

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बापाने वसतिगृहाच्या खिडकीची कडी लावून-काढून पाहिली, मग वाकून पलंग गदागदा हलवला. कुठेतरी खोट निघायला हवी होती. पलंग मेला जागचा हलला नाही.

"लोखंडी आहे हो," वॉर्डनबाई म्हणाल्या. "उड्या मारून मारून पोरी थकल्या, त्याला काही झालं नाही."

शाळा गावाबाहेर, शेतांच्या मधोमध होती. काही मुलं तिथेच राहत, काही आसपासच्या गावांतून ये-जा करत. त्याचा बेत पक्का होता. जवळच एक खोली भाड्याने घ्यायची, लेकीला दिवसाच्या शाळेत घालायचं आणि आपण रोज बसने शहरात कामाला जायचं. वसतिगृह बघायला तो आला होता ते केवळ पोरीला तिथेच ठेव म्हणून मागे लागलेल्या बहिणीचं तोंड बंद करायला. बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. त्यात लेकही नसेल, हा विचारसुद्धा त्याला सोसत नव्हता.

"तुमच्या कामाच्या वेळा काय?" बाईंनी विचारलं.

"लिफ्ट बंद पडली की फोन येतो. त्याला काळवेळ नसते."

"मग मुलीजवळ कोण असतं?"

तो उत्तराची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात शेजारी उभी असलेली लेकच बोलली.

"कुणी नसतं. पण मला सवय आहे. आतून कडी लावते, जेवून घेते, टीव्ही मोठ्याने लावते. काही होत नाही. बाबा येतोच नंतर."

सावकाश, समोरच्याला धीर देत ती बोलली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. हा स्वर त्याचाच होता. बंद लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दाराबाहेर बसून तो असाच बोलायचा. उशीर झाला की फोनवर लेकीशीही. आता ती त्यालाच सांभाळून घेत होती.

जेवणघरात नुसता गोंगाट होता. दोन वेण्यांची एक पोरगी सरकून लेकीला म्हणाली, "इथे बस. तिकडची दुसऱ्यांचे घास मोजते."

लेक बसली आणि बोलायला लागली. घरी ताटावर चकार शब्द न काढणारी ही मुलगी हातवारे करत काहीतरी सांगत होती, मध्येच हसत होती. तो दारात उभा होता. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याला बरं वाटलं आणि वाईटही, पण वाईटच जास्त.

जेवणानंतर व्हरांड्यात त्याने तिला शेजारी बसवलं.

"बाई विचारतील. राहायचं की ये-जा करायची?"

"ये-जा," ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, "तू म्हणशील तसं."

"मी म्हणतो, राहा."

आता ही रडेल, गळ्यात पडेल, म्हणून समजुतीचे चार शब्द त्याने तयार ठेवले होते. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो थट्टा करत नाही, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

"आजपासून राहिले तर चालेल?"

"कपडे कुठे आणलेत आपण?"

"त्या दोन वेण्यांवालीचे घालीन. मी विचारलंय तिला."

त्याने मान डोलावली. तयार ठेवलेले शब्द तसेच राहिले.

"बरं, बाईंना विचारू," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला. तोवर ती बाईंच्या खोलीशी पोचलीही होती.