मुर्दाड बँडचा पहिला कार्यक्रम

निशिगंधाला पहिली शिसारी आली ती बॅनरची. वाडीच्या कमानीवर सकाळीच चढवलेला. सुनीलशेठचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, हात जोडलेले. कोपऱ्यात सत्यनारायण, तो बिचारा शेठच्या कानाएवढा. आणि देवाच्याही खाली, जिथे एरवी छापखान्याचं नाव टाकतात तिथे लिहिलेलं: सुनीलशेठ प्रस्तुत, स्वरमाधुरी बँड.

"स्वरमाधुरी?" तिने रितेशला विचारलं. "कोण स्वरमाधुरी?"

"आपणच यार," रितेश म्हणाला. "मंडळवाले बोलले, पूजेच्या बॅनरवर 'मुर्दाड' नको. एका दिवसाचा तर सवाल."

बँडचं नाव मुर्दाड. तिघांनी चार महिने भांडून ठरवलेलं. रितेश गिटारवाला. दोन वर्षं नवी मुंबईत नोकरी करून आला तो गिटार, लॅपटॉप नि अर्धी हिंदी घेऊन आला. ओंकार ड्रमवाला. पोलादपूरच्या एका बेंजो पार्टीत हळदीला नि वरातीला वाजवून वाजवून त्याचे हात तयार झालेले, पण त्याच त्या गाण्यांनी डोकं उठलेलं. आणि गळा निशिगंधाचा. महाडात एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, संध्याकाळच्या एसटीने घरी यायचं आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात उभं राहून बोंबलायचं. मेटलकोअर म्हणतात त्याला. गिटार करवतीगत चालते, ड्रम छातीत बसतात आणि गाणारा गात नाही, पोटातून डरकाळी काढतो. पहिल्या दिवशी शेजारच्या गोदूबाई धावत आल्या होत्या. पोरीच्या अंगात आलं म्हणून हातात अंगारा घेऊन.

एवढ्या बोंबलण्यातून गाणं मात्र एकच झालं. पण काय गाणं! निशिगंधाने ते लिहिलं होतं आईच्या पायांवर.

आईचं नाव आवडी. वाडीखालच्या वहाळात ती जन्मभर धुणी धूत आली. गेल्या दिवाळीपासून त्या वहाळाला फेस यायला लागला, मग वास यायला लागला, मग एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. पहाटे कधीतरी टँकर यायचा, महाडकडच्या कुठल्याशा कारखान्याचं घाण पाणी रस्त्याखालच्या मोरीपाशी वहाळात सोडायचा आणि जायचा. टँकर कुणाचे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुनीलशेठचे. पण बोलणार कोण? वाडीतली तीन पोरं त्याच्याकडे ड्रायव्हर, समाजमंदिराचे पत्रे त्याने दिलेले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय! आवडीच्या दोन्ही पायांची साल घोट्यापर्यंत सोलून निघाली. आता जखमा भरल्या होत्या, पण कातडी राहिली ती गुलाबी-पांढरी, चकचकीत. निशिगंधाच रोज मलम लावायची. लावताना तिला आईच्या पायांची नव्हे, त्या शेठची किळस यायची.

आणि आता त्याच शेठच्या नावाखाली तिने गायचं.

"मी नाही गाणार," ती म्हणाली.

"ऐक ना," रितेश गोठ्यात केबल गुंडाळत होता. "मे महिन्याची पूजा, सगळे चाकरमानी आलेत, पाचशे पब्लिक. साऊंड शेठचा, स्टेज शेठचं. एवढा साऊंड आपल्याला जन्मात मिळणार नाही. आणि गणपतीत महाडला शो देतो बोललाय."

"कोणाबद्दल आहे ते गाणं, त्याला सांगितलंस?"

"सांगायला वेडा आहे का?" रितेश हसला. "आणि मला सांग, तुझ्या आवाजात शब्द कळतात कोणाला? मला कळत नाहीत, च्यायला! तू बिनधास्त गा. त्याच्या समोर, त्याच्या माईकवर, त्यालाच शिव्या. याच्यापेक्षा भारी काय पाहिजे?"

निशिगंधाने ओंकारकडे बघितलं. तो काठ्यांना टेप लावत बसला होता. "पयलाच शो हाय गो," तो मान खाली घालून म्हणाला. "वरातीच्या बाहेर कुनी मला अजून बघितलाच नाय."

आता खरं सांगायचं तर इथेच तिने पाठ फिरवायला हवी होती. पण मोह वाईट. पाचशे माणसं, खरा साऊंड, खरं स्टेज. रितेशचं म्हणणं तिला सोयीचं वाटलं. त्याच्यासमोरच गायचं, म्हणजे झालंच की सांगून! तिने मान हलवली, आणि हलवल्याबरोबर तोंडात कडवट पाणी आलं. तिने ते गिळलं.

पूजा झाली, आरती झाली, तीर्थप्रसाद झाला. दिवेलागणीला स्टेजवरचे दिवे लागले. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, त्यात सुनीलशेठ, पांढरे बूट पुढे काढून बसलेला. बायका डाव्या अंगाला चटयांवर. त्यात आवडी, डोक्यावर पदर, लग्नाला आल्यासारखी नीटनेटकी.

ओंकारने चार ठोके दिले आणि मुर्दाड सुटला. पहिल्याच दणक्याला मागची दोन म्हातारी माणसं उठून गेली, लहान पोरं कानात बोटं घालून नाचायला लागली. निशिगंधाने डोळे मिटले आणि पोटाच्या तळापासून काढलं सगळं. फेस, मासे, मलम, सगळं. असा आवाज गोठ्यात तिला कधी लागला नव्हता. गाणं मध्यावर संथ नि जड होतं, तिथे मुंबईची पोरं मान झटकायला लागली. घशात रक्ताची चव आली तेव्हा तिने डोळे उघडले.

सुनीलशेठ मांडीवर ताल धरत होता.

ताल! एक पाय हलवत, शेजारच्याला कोपराने ढोसत, कौतुकाने. गाणं संपलं तेव्हा पहिली टाळी त्याचीच. आपण ओकलो ते या माणसाने तळहातावर घेतलं आणि प्रसाद म्हणून खाल्लं, असं निशिगंधाला वाटलं. गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणून सुटता आलं असतं. पण गाढवाचा काय दोष? गीता कळू नये अशीच तिने वाचली होती.

शेठ स्टेजवर आला. अत्तराचा भपकारा. माईक हातात घेऊन म्हणाला, "आपल्या तालुक्यात एवढं टॅलेंट! बाईमाणूस असून काय तो आवाज! अशा मुलांच्या पाठीशी हा सुनील कायम उभा राहणार." टाळ्या. रितेश वाकून त्याच्या पाया पडला. पडला तो पडला, वर निशिगंधालाही डोळ्यांनी खुणावलं. तिने नारळ घेतला. हो, घेतला. शेठच्या बोटांचा ओलसर स्पर्श झाला तो तिने ड्रेसला पुसला, पण नारळ हातातच राहिला.

"आणि ही मुलगी ज्या माउलीने घडवली," शेठ रंगात आला होता, "तिचा सत्कार नको का? या, ताई, वर या."

आवडी उठली. चपला मांडवाबाहेर काढलेल्या. अनवाणीच ती फळीच्या पायऱ्या चढली आणि त्या पांढऱ्याफेक दिव्यांखाली येऊन उभी राहिली. लुगडं घोट्याच्या वर. शेठने शाल उघडली, खाली बघितलं आणि चेहरा कळवळल्यासारखा केला.

"अरेरे, ताई," तो माईकमध्येच म्हणाला, "पायांना काय झालं हो? भाजलं का?"

अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. ड्रायव्हर पोरांपैकी एकाने मान खाली घातली. निशिगंधाचे कान तापले. बोल, बोल आता, असं ती स्वतःला म्हणत होती आणि एवढी डरकाळी फोडणाऱ्या गळ्यातून हूं की चूं निघेना. समोर शेठ होता, पण त्या घटकेला तिला शेठपेक्षा स्वतःचीच किळस जास्त आली.

आवडीने शाल घेतली नाही. हात पदराखालीच ठेवून तिने शेठकडे बघितलं.

"पोरीनं आताच सांगितलं की," ती म्हणाली. "टाळ्या वाजवलात ना तुमी? मंग ऐकलं नाय काय?"

शेठ हसला. कळलं नाही की माणूस हसतो, तसं. "काय ताई?"

"त्या गान्यात हाय. रोज संध्याकाळी आमच्या गोठ्यात चालतं, मला तोंडपाठ झालंय. तुमाला समजलं नसंल तर मी सांगते." आणि तिने जात्यावर बसून सांगावं तशा साध्या आवाजात सांगितलं,

"माझ्या आईच्या पायाची साल
गेली वहाळाच्या पान्यात.
पहाटं टँकर येतो,
सकाळी मासं मरत्यात.
ज्यानं वतलं त्यानं प्यावं,
तांब्या भरून प्यावं."

मंडळाचे अध्यक्ष उठून "चला, चला, जेवणाची वेळ झाली" म्हणायला लागले, पण त्यांच्या मागून कुणी उठेना. शेठच्या हातातली शाल तशीच उघडी. "हे कोणी शिकवलं?" तो रितेशकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "साल्या, माझ्या स्टेजवर?"

"शेठ, मला माहीत नव्हतं," रितेश म्हणाला. "शप्पथ. शब्द तिचे आहेत, मी फक्त गिटार वाजवतो."

गोठ्यात एका ताटात भजी खाल्लेला, पहिलीपासूनचा मित्र. निशिगंधाला त्याच्यावर ओरडावंसंही वाटलं नाही. अन्नात केस निघाल्यावर ताट सरकवतो तसा तिने तो नारळ फळीवर ठेवून पायाने मागे सरकवला.

आवडी तिच्याजवळ आली. दंडाला धरलं.

"निशे, आता तू म्हन," ती म्हणाली. "तोंडात घास असल्यागत नको म्हनूस. सरळ म्हन, मानसांना कळंल असं."

"आये, माझा घसा बसलाय."

"बसू दे. मी काय गानारीन हाय? मी म्हटलंच ना?"

निशिगंधाने माईक उचलला. पहिली ओळ म्हणताना आवाज चिरकला, दुसऱ्या ओळीला तो तिचा स्वतःचा, लॅबमध्ये लोकांना नावं विचारायचा तसा साधा झाला. मागे ओंकारने काठी उचलली आणि एक एक ठोका द्यायला लागला. तिने शेठच्या डोळ्यांत बघितलं. त्याने तोंड फिरवलं. "ज्याने ओतलं," असं तिने म्हटलं आणि त्याच क्षणी रितेशने लॅपटॉपशेजारच्या मिक्सरवरचं बटण खाली ओढून माईक बंद केला.

तिने माईक खाली ठेवला आणि उरलेलं तसंच म्हटलं. वाडी ती केवढीशी, चाळीस घरांची. शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.