शिट्टीच्या पोटातली मी

मी गोळी. औषधाची नाही, बंदुकीचीही नाही. शिट्टी फुंकली की तिच्या पोटात जी कडकड फिरते ना, ती. सध्या मला तसूभरही हलता येत नाही, त्यामुळे तोंड तेवढं चालू आहे. ऐकून घ्या.

माझा जन्म बुचाच्या तुकड्यातून झाला. कारखान्यातल्या एका बाईनं मला चिमटीत धरलं, शिट्टीच्या खिडकीवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. मी आकसले, आत पडले, पुन्हा फुगले. झालं. आत यायला एक अंगठा पुरला, बाहेर जायला जन्म पुरणार नाही. एक खोली, एक खिडकी, आणि शेजार म्हणाल तर माणसाचं तोंड.

ते तोंड बास्केटबॉलच्या सरांचं. चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवतात. मुली पाठीमागे त्यांना भोंगा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कांदा खाऊन आले की माझे हाल कुत्रं खात नाही. एक फुंकर आली की मी भिंतीवर, दुसरी आली की छतावर, आणि वरून थुंकीचा शिडकावा फुकट.

सरांचा एकच कायदा. शिट्टी वाजली की पुतळा. हातात बॉल असो, एक पाय हवेत असो, जागच्या जागी थांबायचं. मग सर येऊन चूक दाखवणार. "कोपर बघ कुठं चाललंय. तू इथं, कोपर गावाला." पुन्हा शिट्टी, पुन्हा खेळ, तीन पावलं झाली की पुन्हा शिट्टी. मला वाटायचं, कोंडलेली मी एकटीच आहे. खिडकीतून बघितलं तर बाहेर दहाजणी कोंडलेल्या.

त्यांतली एक सरांची स्वतःची मुलगी. सगळ्यांत बुटकी, म्हणून तिचं नावच बुटकी. मैदानात 'सर' म्हणायचं, घरी 'बाबा'. पण घरी तरी सुटका कुठली? जेवायला चल, शिट्टी. दिवा बंद कर, शिट्टी. बिचारी जिन्यात एक पाय वर धरून उभी राहायची.

"बाबा, हे घर आहे."

"म्हणून तर हळू मारली."

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं. क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी सरांना तोंडावर सांगितलं, "मोसमात एक तरी मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी मुलींची टीम बंद, मैदान मुलांना." आणि आमच्या मुली हरत हरत शेवटून दुसऱ्या मॅचपर्यंत आल्या.

त्या हॉलमध्ये दोन मैदानं अगदी खेटून. मॅच संपायला थोडेच सेकंद उरलेले, आम्ही एका पॉइंटनं पुढं, बॉल बुटकीच्या हातात. तेवढ्यात शेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली. आमच्या पाचही मुली पुतळा. समोरच्या टीममधल्या एका मुलीनं बुटकीच्या हातातून बॉल असा उचलला, जसा फळीवरचा डबा काढावा. पळत गेली, बास्केट केलं, खेळ खलास.

"थांबलात कशाला?" सर म्हणाले.

"शिट्टी झाली, सर."

"ती शेजारची होती."

"सर, शिट्टीवर काय नाव लिहिलेलं असतं?" बुटकी म्हणाली.

सर शिट्टी उलटीसुलटी करून बघायला लागले. मला वाटलं, डोक्यात उजेड पडला. कसला उजेड आणि कसलं काय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता माझी शिट्टी ओळखायची प्रॅक्टिस करू," आणि दुप्पट वाजवली. आग विझवायला रॉकेल.

त्या संध्याकाळी सर अंघोळीला गेले आणि शिट्टी नि मी खुंटीवर लटकलो होतो. बुटकी आली. तोंडातलं च्युइंगम काढलं, खिडकीतून आत सरकवलं आणि काडीनं कोंबलं. मी छताला चिकटले, वाऱ्याची वाट बंद. खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी फट उरली, तेवढंच माझं जग.

"शेवटच्या मॅचपर्यंत तीन आठवडे गप्प बस," ती मला म्हणाली. जशी काही मीच बोंबलत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी छाती भरून फुंकर मारली. फुस्स. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सरांनी मला तळहातावर आपटलं, उन्हात धरलं, एक डोळा मिटून आत बघितलं. पण चष्मा लावला तर म्हातारे दिसतात ना, त्यामुळे दिसलं काहीच नाही. "नवी घ्या की," कुणीतरी म्हणालं. सर भडकले. शिट्टी त्यांच्या स्वतःच्या सरांनी दिलेली. दुसरी तोंडात घालणं म्हणजे दुसऱ्याचा ब्रश वापरणं.

मग ते ओरडून शिकवायला लागले. तिसऱ्या दिवशी घसा बसला. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नाही. आता थांबवायचं कसं? सर नुसता हात वर करायचे. पण हात काही ऐकू येत नाही. बघावं लागतं. पहिले दोन दिवस सर हात वर करून झाडासारखे उभे आणि मुली खेळतायत. हळूहळू मुलींना माना वर करून खेळायची सवय लागली. आणि एखादीचा खेळ चांगला रंगला, की सरांचा अर्धा उचललेला हात आपोआप खाली यायचा. हे मी फटीतून बघितलंय, खोटं नाही सांगत.

शेवटची मॅच त्याच हॉलमध्ये. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका पॉइंटनं मागं. बुटकी बॉल घेऊन निघाली आणि शेजारी शिट्टी वाजली. सरांच्या छातीवर शिट्टीसकट मी अशी उडाले, की त्यांचा जीव किती धडधडतोय ते मला कळलं. बुटकीचा पाय अडखळला. तिनं मान वर करून आमच्या पंचांकडे बघितलं. त्यांचा हात खाली होता, म्हणजे शिट्टी आपली नव्हती.

ती गेली. बॉल रिंगवर दोनदा थबकला आणि आत पडला. टीम वाचली.

घरी सरांनी चष्मा लावला. शिट्टी नाकाशी धरली.

"पुदिना," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कोण खातं गं पुदिन्याचं च्युइंगम?"

"मला काय माहीत, सर."

"घरी बाबा म्हणायचं."

बुटकी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. "बाबा, स्वप्नातसुद्धा मी पळत असते आणि तुमची शिट्टी वाजते. मग पाय उचलतच नाहीत."

बाबांनी टेबलावरची काडी उचलली. माझ्या खिडकीपर्यंत आणली. मी म्हटलं, सुटले. त्यांनी काडी खाली ठेवली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "जेवायला चल." तोंडानं म्हणाले.

तेव्हापासून मी अशीच. माझी चूक काय, ते मला कुणी सांगितलं नाही. सर अजून सवयीनं शिट्टी ओठांत धरतात, गरम वारा दारापर्यंत येतो आणि परत जातो. पण च्युइंगमला आता तडा गेलाय. एखाद्या दिवशी सर रागाच्या भरात छाती भरून फुंकतील आणि मी सुटेन. नाही सुटणार, पोटातल्या पोटातच फिरेन, पण फिरेन तरी.

मुलींनो, त्या दिवशी मी जोरात वाजेन. इतक्या दिवसांची कसर काढेन. तुम्ही थांबू नका.