माळ्यावरच्या पंख्यावर वीज

आमचे बाबा आयुष्यभर वायरमन होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी हौस आमच्याच घरावर भागवून घेतली. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांचे प्लग एका भल्यामोठ्या बोर्डावर आणून ठेवले. गडगडाट झाला की एक लाल बटण बंद करायचं आणि खुशाल बसायचं. शेजारच्या काकू घरभर प्लग उपटत पळायच्या, तेव्हा बाबा खिडकीतून त्यांना हसायचे.

परवा समोरच्या झाडावर वीज पडली. काकूंचा टीव्ही शाबूत. आमचं लाल बटण बंद असूनही बोर्डासकट सगळ्याचा कोळसा!

दुकानातला मेकॅनिक म्हणाला, "काका, वीज आभाळातून इथवर आली, तिला बटणातली फट किती जड जाणार? प्लगच काढायला हवे होते."

मेकॅनिक टीव्ही घेऊन गेला आणि बाबांनी अवजारांची पेटी पलंगाखाली ढकलली. "माझं संपलं आता. यापुढे कशाला हात लावणार नाही." मला फार वाईट वाटलं. आईला मात्र धडकी भरली.

तिची भीती खरी ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. गॅस मोठा आहे, मीठ आत्ताच कशाला, झाकण तिरकं बसलंय. सगळे डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, आणि साखर कुठे गेली ते कुणालाच कळेना.

"हे असंच चाललं तर मी माहेरी जाईन," आई माझ्या कानाशी पुटपुटली. तिच्या माहेरच्या घराला कधीचं कुलूप आहे, पण आवाज असा होता की मी घाबरले.

जेवून बाबा आडवे झाले, तशी आई स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा जुना टेबलफॅन तिनं माझ्या हातात दिला. सुरीच्या टोकानं त्याचे स्क्रू काढले, आतली एक तार कात्रीनं कचकन कापली आणि झाकण परत बसवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं डोळे वटारले.

बाबा उठले, तर पंखा समोर हजर.

"अहो, याच्यावरही वीज पडली."

"हा तर माळ्यावर होता."

"मग? वीज वरूनच येते ना?"

बाबांनी पंखा उलटा करून बघितला. मग वाकून पेटी ओढली. पहिला स्क्रू त्यांच्या हातून दोनदा निसटला. ते बघून आईनं उगाच भांडी आपटायला सुरुवात केली. बाबांनी तार सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. दिव्याशेजारच्या प्लगला लावून बटण दाबताच पंखा खडखडत फिरला आणि टेबलावरचा पेपर घरभर उडाला.

"चालला!" आई इतक्या जोरात ओरडली की काकू धावत आल्या. येताना त्यांनी बंद पडलेली इस्त्रीही आणली. "भावजी, हिचंही बघता का जरा?"

"ठेवून जा," बाबा रुबाबात म्हणाले.

काकू गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले, आत मात्र शिरले नाहीत.

"कात्रीनं तार कापू नये. धार जाते."

आईची मान भांड्यांतून वर येईना.

"आणि उद्या काय बिघडवणार आहेस ते आत्ताच सांग. सामान आणून ठेवतो."