एका अंगातल्या तिघी

चिकलठाण्याच्या एका बॅटरी कारखान्यात आवडाबाई दोन वर्षांत तीनदा कामाला लागली, आणि तिन्ही वेळा वेगळी बाई म्हणून. पहिल्यांदा ती आवडाबाईच होती. दोनशे बारा दिवस भरल्यावर ठेकेदाराचा मुकादम काकासाहेब म्हणाला, "बाई, ब्रेक. धा दिवसांनी ये, पण दुसरं नाव घेऊन ये." एका नावावर वर्षात दोनशे चाळीस दिवस साठले की त्या बाईला कायम करावं लागतं. मग दवाखाना, रजा, सगळंच द्यावं लागतं. म्हणून दिवस साठूच द्यायचे नाहीत. कायदा पाळायची ही त्यांची तऱ्हा!

आवडाबाईला तेव्हा राग आला नाही, उलट हसू आलं. तिनं जावेचं नाव सांगितलं, साळूबाई. पुढच्या ब्रेकनंतर सासूचं, भागूबाई. शेंद्रा गावातल्या घरी सगळी लई हसली. जाऊ म्हणायची, "माझ्या नावानं नीट वाग गं, बदनामी माझी व्हायची." सासू म्हणायची, "म्हातारपणी नोकरी लागली बाई मला!" आपणच कंपनीला फसवतोय असं तिघींना वाटायचं. तसं वाटायला लावणं हेच मुकादमाचं कसब.

काम शिशाच्या प्लेटा ब्रशनं घासायचं. करडी धूळ नाकातोंडात जायची आणि त्यावर इलाज म्हणून गुळाचा खडा मिळायचा. सहा-सात महिन्यांनी रक्त तपासून चिठ्ठी हातात द्यायचे. तीन चिठ्ठ्या झाल्या, तीन नावांच्या. भागूबाई म्हणूनही दोनशे बारा दिवस भरले तेव्हा आवडाबाईचं मनगट लुळं पडलं. भाकरी थापायला हात उचलेना, पोटात पीळ पडायला लागले. ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. रक्तातल्या शिशाचे आकडे चढत गेलेले: चोवीस, एकोणचाळीस, छप्पन्न.

"या तिघी कोण?"

"मीच की."

डॉक्टरनं तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. "बाई, शिसं हाडात साठतं. दहा दिवस घरी बसलात म्हणून ते निघून जात नाही."

हे तिनं मुख्तार फिटरला सांगितलं. मुख्तार त्याच कारखान्यात कायम होता, युनियनचा माणूस. त्यानं कपाळावर हात मारला. "क्या बोलूं भाभी! बॅटरीत करंट साठतो, तुमच्या हाडात शिसं साठतं, आन् दिवस तेवढे साठत नाय? तीन नावं असतील, रगत तर एकाच बाईचं हाय ना? चला, कामगार ऑफिसात अर्ज टाकू. कायम झाल्या तर इलाज तरी कंपनी करंल."

अर्ज गेला, तारीख पडली. आदल्या दिवशी काकासाहेब शेंद्र्याला दारात हजर.

"चिठ्ठ्या माझ्याकडं दे. सोमवारपासून पॅकिंगला ये. धूळ नाय, काय नाय."

आवडाबाई लगेच नाही म्हणाली नाही. पॅकिंगचं काम ती दोन वर्षं मागत होती.

"कोणत्या नावानं?"

"तुझी मनकर्णा अठराची झाली ना? तिचं घालू."

"आन् रगत तपासायला?"

"तिलाच पाठव की. पोरीचं रगत साफ, आकडा बी कमी येईल. तुझं बी बरं, सायबाचं बी बरं."

मनकर्णा आत पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला.

"काकासाहेब," आवडाबाई म्हणाली, "आमच्या घरातल्या बाया संपल्या. आता तुमच्या आईचं नाव घाला, त्या नावानं येते. उठा."

तारखेला ती मनकर्णाला घेऊन गेली. कंपनीचा वकील म्हणाला, या तीन वेगळ्या बाया आहेत. कामगार ऑफिसातल्या साहेबानं पगारपत्रकं मागवली होती. तिन्ही नावांपुढं एकच अंगठा होता, विळ्याच्या आडव्या वणाचा. आवडाबाईनं आपला अंगठा टेबलावर ठेवला. वकिलानं बघितलं आणि लगेच बोलणं फिरवलं. "एकच बाई असेल तर तिनं खोटी नावं सांगून फसवलं. शिवाय या चिठ्ठ्यांवरून ती कामाला लायकच नाही."

"लायक व्हते तवा कायम केलं नाय," आवडाबाई म्हणाली. "आता नालायक झाले, ती कुठं काम करून झाले, तेवढं लिवा."

साहेबानं वकिलाकडं बघितलंच नाही. लिहिलं, बाई एकच, दिवस सहाशे छत्तीस. पुढची तारीख तीन महिन्यांनी पडली. बाहेर मुख्तार म्हणाला, "भाभी, अजून लई चकरा मारायच्या हायेत."

"मारू." तिनं पिशवी उचलायला हात घातला, ती निसटली. मनकर्णानं उचलली.

"चल गं, दवाखान्यात जाऊ. तिथं माझ्या नावाचा कागद काढायचाय."