दाब, लंकाबाई

मी दवाखान्याच्या कोपऱ्यातली बॅटरी बोलतेय, पण जरा हळू. पलीकडच्या खोलीत मनोज चहा पितोय. तो नाशिकहून मला तपासायला आलाय आणि मी त्याला फार घाबरते.

पेठच्या डोंगरातल्या या पाड्यावर वीज नाही. १९९४ साली छपरावर सोलरचं पॅनल बसलं आणि मला खाली फळीवर ठेवलं. लसींचा फ्रीज थंड ठेवायचा, एवढंच माझं काम. दवाखाना झाडणारी लंकाबाई पदराने माझी धूळ पुसायची, तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा.

पाच वर्षांत मी आतून थकले. टाकी भरलेली असून नळात गाळ बसावा, तसं झालंय. माणसं त्याला आतला रोध वाढला म्हणतात. फ्रीजची मोटर सुरू व्हायला गेली की माझा जीव घाबराघुबरा होतो आणि ती कण्हून बंद पडते.

हे फक्त लंकाबाईला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आश्रमशाळेची बॅटरी अशीच तपासणीत खराब ठरवून नेली, तिच्या जागी दुसरी अजून आलेली नाही. म्हणून कालच तिने लसी बर्फाच्या डब्यात हलवल्या, फ्रीज बंद केला आणि मला आराम दिला. आराम मिळाला की मी धडधाकट असल्याचं सोंग सहज करते.

सकाळी मनोजने मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्याही वर. "मावशी, ठणठणीत आहे," म्हणत त्याने वहीत लिहिलं. मी सोंग तसंच चालू ठेवलं. मला भंगारात जायचं नव्हतं.

आत्ता लंकाबाईची लेक चांगुणा तान्ह्या पोरीला घेऊन आलीय. "आई, बुधवारी हिची सुई हाय ना?"

लंकाबाईने पोरीच्या गालावरून हात फिरवला. मला मात्र धसका बसला. ऊब लागून बिघडलेली लस दिसायला तशीच असते. ती टोचून उपयोग नसतो, आणि ते कुणाला कळतही नाही.

लंकाबाई पलीकडे गेली. "मनोजदादा, फ्रीज चालू करून मोजा. काल मीच बंद केला व्हता."

"का हो मावशी?"

"ही नेली तर दुसरी लवकर येत नाय."

मनोज कप ठेवून आलाय. त्याने मीटर पुन्हा मला जोडलाय. लंकाबाईचा हात फ्रीजच्या बटणावर आहे.

दाब, बाई. मला फार भीती वाटतेय, पण दाब.