विंटरहिल्डेचं तिकीट

हायडेलबर्गजवळच्या त्या गावात विंटरहिल्डे जातीच्या सफरचंदाचं एकच झाड उरलं होतं, आणि त्याच्यावर टपाल तिकीट निघणार होतं. चित्र मुक्ताचं. एरवी विद्यापीठात वनस्पतींवर पीएचडी करणारी ही पोर या चित्रापायी जेवणखाण विसरली होती. आता झाडाचे मालक, म्हातारे हेर (म्हणजे श्रीयुत) लोरेन्झ, हो म्हणाले की नमुना छपाईला जाणार. नाही म्हणाले तर तिकीट रद्द.

गावच्या सभागृहात त्यांनी टेबलावर ताज्या फळांची टोपली ठेवली आणि मुक्ताने आपलं चित्र तिच्या शेजारी धरलं. प्रत्येक फळावर निळसर, धुरकट थर होता, द्राक्षांवर असतो तसा. तिच्या चित्रातलं सफरचंद मात्र लालभडक, चकचकीत!

चूक कुठे झाली ते तिला तत्काळ कळलं. चित्रासाठीची फळं घरी आली, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, शुभदाताईंनी, ती आधी देवापुढे ठेवली होती. तीही धुऊन, पदराने लख्ख पुसून. आणि त्याच सासूबाई आत्ता सुनेचं कौतुक बघायला, साडीवर कोट चढवून, शेजारी उभ्या होत्या.

"हे माझं फळ नाही," हेर लोरेन्झ जर्मनमध्ये कडाडले. "कुणी घासलं याला?"

सगळे मुक्ताकडे बघू लागले. एक नाव घेतलं की ती सुटणार होती.

"मी," ती म्हणाली.

"काय गं म्हणतायत?" शुभदाताईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

जर्मन येत नसलं तरी बाईंना डोळे होते. त्यांनी टोपली पाहिली, चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पण मागे सरतील तर त्या शुभदाताई कसल्या! पुढे होऊन त्यांनी हवेतच पदराने फळ पुसून दाखवलं.

"मी पुसलं. देवासाठी. सांग त्यांना, मुक्ता. जसंच्या तसं सांग."

मुक्ताने सांगितलं. म्हाताऱ्याने शुभदाताईंच्या पदराकडे निरखून पाहिलं.

"आल्झो, बरं तर," शेवटी तो म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत थांबतो. नवं काढा." त्याने टोपलीतलं एक फळ देठाला धरून शुभदाताईंच्या हाती दिलं.

परतताना बसमध्ये, फळाला धक्का लागू नये म्हणून, शुभदाताईंनी शेजारी कुणाला बसू दिलं नाही. घरी पोचल्यावर मुक्ताने भीतभीत विचारलं, "आई, आधी देवापुढे ठेवायचं ना?"

"देव आज साखरेवर भागवेल," शुभदाताई म्हणाल्या. "तू चित्राला बस. आणि याला हात लावलास तर खबरदार!"