डिझेलचाच हट्ट

गाडीच्या बाबतीत धम्मदीनाला कोणी शिकवायला जाऊ नये. तिचे वडील महूला फौजेत ट्रक चालवायचे आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता त्यांनी पोरीला स्टिअरिंगवर बसवलं होतं. त्यामुळे नवऱ्याने, बुद्धरत्नने, ‘‘घेईन तर डिझेलचीच’’ असं घरात जाहीर केलं, तेव्हा ती नुसती हसली.

बुद्धरत्नची कापडमिल बंद पडली होती. साचेखात्यात माग चालवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याने आता शाळेच्या मुलांची ने-आण करायचं ठरवलं होतं. गाडी एकच येणार होती. ती चुकीची निघाली तर दुसरी आणायची ऐपत नव्हती.

पोलोग्राउंड भागात संताजी मिस्त्रीच्या वर्कशॉपात एकाच मॉडेलच्या दोन जुन्या मोटारी विकायला होत्या, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची. ‘‘दोन्ही चालवून बघा भाभीजी, मग आरामात भांडा,’’ संताजी म्हणाला.

‘‘भांडायचं काय त्यात?’’ धम्मदीना म्हणाली. ‘‘शाळा सकाळच्या. थंडीत डिझेल लवकर उठतच नाही. वरून दर गल्लीत थांबायचं, निघायचं. पेट्रोल एकदम हलकं चालतं.’’

‘‘अन् पोरं खचाखच भरली की?’’ बुद्धरत्न म्हणाला. ‘‘डिझेल खेचतं बराबर. खर्चा पण कम.’’

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत होती.

आधी पेट्रोलची काढली. चालवायला तो, शेजारी ती. सियागंज बाजाराच्या गर्दीतून गाडी कशी अलगद निघत होती! पाय टेकवला की पुढे. पण एका हातगाडीमागे थांबल्यावर बुद्धरत्नने किल्ली फिरवली आणि स्टार्टर कर्रकन ओरडला.

‘‘अहो, चालूच आहे की इंजिन!’’

‘‘असं मुकं इंजिन काय कामाचं?’’ तो वैतागला. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच केलं. धम्मदीनाने कपाळावर हात मारून घेतला.

मग डिझेलची. ती अंग झटकून उठली, दारं-खिडक्या थरथरल्या आणि बुद्धरत्नचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. आता किल्लीकडे हात गेला नाही. ठेल्यामागून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार सरकत राहिली, एकदाही बंद पडली नाही. धम्मदीनाला मनातल्या मनात हार मानावी लागली. एकच होतं, ती काही बोलली की तो रस्ता सोडून तिच्या तोंडाकडे बघायचा. ‘‘समोर बघा की,’’ ती दटावायची. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवरा असा बघतो, याचं तिला गोडच वाटलं. असू दे डिझेल, तिने ठरवून टाकलं.

परतताना मागून आगीचा बंब घंटा वाजवत आला. सगळे बाजूला झाले. बुद्धरत्न आपला रस्त्याच्या मधोमध, मजेत.

‘‘बाजूला घ्या!’’ मागे वळून बघत ती ओरडली. गाडी हलली नाही. तिने त्याचा खांदा गदागदा हलवला, तेव्हा त्याने वळून तिचं तोंड पाहिलं आणि गाडी कडेला घातली. बंब अगदी घासून गेला.

‘‘थांबवा गाडी.’’

गाडी थांबली. धम्मदीनाने पदर ओठांवर धरला आणि मोठ्याने विचारलं, ‘‘चहा घेणार का?’’

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. घरी हाकेला ओ दिली नाही की ती त्याला आळशी म्हणायची. एवढं मोटारीतलं कळतं म्हणवणाऱ्या बाईला शेजारच्या माणसाचं कळलं नव्हतं, याची तिला लाज वाटली.

पदर सोडून ती म्हणाली, ‘‘तुम्हाला ऐकू येत नाही.’’

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

‘‘मागांच्या खडखडाटाने खाल्ले कान. पण साचेखात्यात सगळेच ओठ बघून बोलायचे ना. कोणाचंच अडायचं नाही. मिल चालू असती तर तुला काय, मला पण पत्ता लागला नसता. ही डिझेलची हाताला कळते, सीटला कळते. पेट्रोलची मला मेलेलीच वाटते.’’

तिला रडू फुटलं आणि रागही आला. ‘‘मागे लोकांची पोरं बसणार आहेत.’’

‘‘मालूम आहे.’’

‘‘मग मी चालवेन. तुम्ही पोरांना चढवा, उतरवा, दारं लावा. त्यालाही भरवशाचा माणूस लागतो.’’ हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

बुद्धरत्न खाली उतरला. वळसा घालून तिच्या बाजूला आला, दार उघडलं आणि तिच्या ओठांकडे न बघता म्हणाला, ‘‘चल, तिकडे बस. अन् संताजीला सांग, पेट्रोलची दे. तुला तर येतं ना ऐकू.’’